भाता की पडशी?

प्रवासाच्या आदल्या रात्री पलंगावर चादर पसरून आम्ही कॅमेऱ्याची बॅग रिकामी करतो. दोन कॅमेरे, तीन भिंगे, बॅटऱ्या, चार्जर, मेमरी कार्डांची डबी, धूळ उडवायचा रबरी फुगा, मलमलीचे फडके, सिलिका जेलच्या पुड्या, घडीचा ट्रायपॉड, वही, दोन पेन्सिली आणि तळाशी मागच्या खेपेची, कुठल्या तरी शेतातली काळी माती. मग वाद सुरू होतो. आम्ही तिघे साहित्य शिकवणारे. लोकगीते आणि कहाण्या ऐकण्याच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी वाशीम जिल्ह्यात जातो. तिघांत एकच बॅग असल्यामुळे तिच्यात काय जाईल यावर तिघांचेही मत असते. लांब पल्ल्याचे भिंग घ्यावे की नाही, हा वाद तर इतका जुना आहे की आता तो केवळ विधी म्हणून उरला आहे. या लेखात त्या वादाचा निकाल आम्ही लावणार आहोत, आणि तो का लागला हेही सांगणार आहोत.

साहित्यचर्चेच्या पानावर कॅमेऱ्याच्या बॅगेचे काय काम, असा प्रश्न काहींना पडेल. उत्तर सोपे आहे. आपल्या मराठी विभागांतून लोकसाहित्याचा अभ्यासक्रम शिकवला जातो, क्षेत्रभेटी होतात, प्रबंधांना छायाचित्रांची परिशिष्टे जोडली जातात. विद्यार्थी गावात जाताना प्रश्नावली घेऊन जातो, आणि ती कशी असावी हे मार्गदर्शक शिकवतात. कॅमेराही तो घेऊन जातो, पण त्याबद्दल कुणी काही शिकवत नाही. जणू कॅमेरा हे निव्वळ उपकरण आहे, त्याला भूमिका नाही. आमचे म्हणणे उलट आहे. क्षेत्रकार्यातले अर्थनिर्णयन गावाच्या वेशीवर सुरू होत नाही, ते आदल्या रात्री बॅग भरताना सुरू होते. जे भिंग आपण घरी ठेवतो, त्याने जे दिसले असते ते आपल्या अभ्यासातून तेव्हाच वगळले जाते. आणि जे घेतो, ते आपल्याला समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभे करणार, हेही तेव्हाच ठरून जाते.

ओझ्याने पाहणे ठरते, ही गोष्ट कॅमेऱ्याच्या जन्माइतकी जुनी आहे. मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. त्याने केलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. मधल्या काळात तो छायाचित्रणाकडे वळला होता, आणि त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. अजिंठ्याचा वाशीमशी संबंध दूरचा नाही. लेणी क्रमांक १६ मधील शिलालेख ज्या वराहदेवाचा, तो हरिषेण वाकाटकाचा मंत्री होता, आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम.

त्या काळचे ओझे कसे होते, याची आज कल्पना करणेही कठीण. काचेवर कलोडियनचा थर पसरायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि ओली असतानाच धुवून काढायची. काच वाळली की सारे व्यर्थ. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर अंधारा तंबू हवा, रसायनांच्या बाटल्या हव्यात, जड काचा हव्यात, पाणी हवे, आणि हे सारे वाहून नेणारी माणसे व जनावरे हवीत. या पेटाऱ्याने विषय निवडून टाकला. जे हलत नाही ते टिपावे: लेणे, देऊळ, तटबंदी. पुढे कोरड्या काचा आल्या, काम हलके झाले, तरी सवय राहिली. हेन्री कझिन्सने वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची नोंद १८९७ च्या आपल्या यादीत केली, आणि दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा त्याचा ग्रंथ १९३१ मध्ये आला. त्या काळची पुरातत्त्वीय छायाचित्रे चाळावीत. देऊळ स्पष्ट असते, आणि माणूस असलाच तर खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. माणूस तिथे मोजपट्टी असतो. त्याचे नाव छायाचित्राखाली शोधू नये.

आज पेटारा खांद्यावरच्या बॅगेएवढा झाला आहे, अनेकांच्या बाबतीत तर खिशाएवढा. तरी मोजपट्टीची दृष्टी गेली का? ती गेली नाही असे आम्हांला वाटते. याचे कारण समजून घ्यायला एका निबंधाचा उपयोग होतो.

अमेरिकन कथालेखिका उर्सुला ले ग्विन हिचा, कथेला पिशवी मानणारा निबंध १९८६ चा आहे. मानवाचे पहिले साधन भाला की पिशवी, हा त्यातला मूळ प्रश्न. एलिझाबेथ फिशर हिच्या मांडणीचा आधार घेऊन ती म्हणते की मारण्याच्या हत्याराआधी साठवण्याचे साधन आले असले पाहिजे, कारण वेचलेले दाणे घरी आणायला काहीतरी हवेच. पण गोष्ट मात्र भाल्याची सांगितली गेली, कारण शिकारीत थरार असतो आणि दाणे वेचण्यात नसतो. कादंबरी ही भाल्यासारखी सरळ जाणारी नसून पिशवीसारखी, अनेक वस्तू एकमेकींशेजारी सांभाळणारी असावी, असा तिचा निष्कर्ष आहे.

हे वाचल्यावर आम्हांला पहिला विचार सुचला तो आमच्या बॅगेचा. ती पिशवी आहे खरी, पण कुणाची? कॅमेऱ्याच्या व्यवहारातली क्रियापदेच पाहा. इंग्रजीत ‘शूट’ करतात, आणि आपणही बिनदिक्कत ‘शूट’ला निघतो. मराठीतले ‘टिपणे’ हेही पाखराचे आणि नेमबाजाचे, दोघांचेही क्रियापद आहे. सूझन सोंटॅगने १९७७ च्या आपल्या पुस्तकात कॅमेऱ्यातील या आक्रमकतेची चर्चा केलीच आहे. बाणांसाठी असलेल्या पिशवीला मराठीत वेगळा शब्द आहे: भाता. भात्यातून वस्तू निघते ती दुसऱ्याच्या दिशेने, आणि जे साधायचे ते साधून आणते. आमची बॅग बरीच वर्षे भाता होती.

मराठीत प्रवासाच्या पिशवीला दुसराही शब्द आहे. पडशी. खांद्यावर मधोमध टाकायची, पुढे एक कप्पा आणि मागे एक. दोन्हीकडचे वजन सारखे असेल तरच ती खांद्यावर नीट बसते, एकच बाजू भरली की घसरते. ही रचना आम्हांला निव्वळ सोयीची वाटत नाही. प्रवासात काय न्यायचे आणि काय आणायचे, यांचा तोल त्या कापडाच्या घडीत शिवलेला आहे.

मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभीचेच उदाहरण घ्या. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. मिळवलेले द्रव्य वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेले. घरी पोहोचली ती गंगेच्या पाण्याची कावड, आईवडिलांसाठी आणलेली. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. आपण ते झाशीच्या राणीसाठी वाचतो आणि वाचावेही, पण कावडीचा धागा शिकवताना बहुधा निसटतो. त्या प्रवासाचे सार्थक ज्या ओझ्याने झाले, ते स्वतःसाठी नव्हते.

आता वाशीमकडे येऊ. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे गाव माहीत असायला हवे ते निराळ्या कारणाने. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्मात. शब्द आणि त्याची विद्या यांचे लग्न जिथे लागले असे एक अभिजात शास्त्रकार सांगतो, त्या गावातून आपण बसची वेळ विचारत जातो आणि बालाजीच्या देवळाचे एक छायाचित्र काढून परततो.

याच वाशीमला १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट सापडले. राज्यवर्ष ३७ मधले हे दानपत्र काही संस्कृतात आणि काही प्राकृतात आहे. अभ्यासकांना त्यातून वाकाटकांची दुसरी शाखा स्पष्ट झाली. आमचे लक्ष मात्र ताम्रपटाच्या वस्तुरूपाकडे जाते. ताम्रपट म्हणजे कडीत ओवलेले पत्रे, बांधून नेता येतील असे. आणि तो ज्याच्याबद्दल असतो त्याच्याच हाती दिला जातो. राजा दान देतो, पट दान घेणाऱ्याच्या घरी राहतो, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जातो, गरज पडली तर पुरावा म्हणून पुढे केला जातो. आपल्या छायाचित्रांचे नेमके उलटे होते. ज्याच्याबद्दल ते असते त्याच्याखेरीज सर्वांकडे ते पोहोचते. प्रबंधाच्या परिशिष्टात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, परिसंवादाच्या पडद्यावर ते दिसते, आणि ज्या ओसरीवर ते काढले त्या ओसरीवर कधीच जात नाही.

हे आम्हांला पुस्तक वाचून कळले असे सांगायला आवडले असते. पण ते कळले दुसऱ्याच रीतीने.

२००९ च्या पोळ्याला आम्ही मालेगाव तालुक्यातल्या एका गावी होतो. लांब पल्ल्याचे भिंग तेव्हा नवे होते आणि बॅगेतला निम्मा अवकाश त्यानेच व्यापला होता. बैल रंगवलेले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. आम्ही तोरणापासून बरेच लांब, एका ओट्यावर उभे राहून छायाचित्रे काढली. कुणाला विचारावे लागले नाही, कुणी आमच्याकडे पाहिलेही नाही, आणि ‘नैसर्गिक’ चित्रे मिळाली म्हणून आम्ही खूश झालो. संध्याकाळी ज्या घरी जेवलो, त्या घरच्या माणसाने आपली बैलजोडी दाखवली. सकाळी आमच्या चौकटीत आलेली तीच जोडी. तो हसून म्हणाला, “भाऊ, फोटो तर लय जन काढून नेतात. आनून देनारं कोनी येत नाई.” आम्ही देतो म्हणालो. दिले नाहीत.

२०१५ मध्ये दुसऱ्या कामासाठी त्याच गावी गेलो. ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले होते. कसे, हे आम्ही विचारले नाही. भिंतीवर हार घातलेली तसबीर होती. निवडणूक ओळखपत्रावरचे बोटभर छायाचित्र मोठे करून, स्टुडिओवाल्याने अंगात कोट घालून तयार केलेली. घरच्या बाईंनी आम्हांला ओळखले. चहा ठेवला, आणि मग सहज विचारावे तसे विचारले, “पोयाच्या दिशी त्याहिचा फोटो काढला होता न तुमी? हाय का तो?”

ज्या हार्ड डिस्कवर तो होता ती बंद पडून वर्ष झाले होते. पुढचे तीन आठवडे आम्ही घरातल्या सगळ्या जुन्या सीडी धुंडाळल्या, आणि एका सीडीवर ती मालिका मिळाली. त्यातल्या नऊ चित्रांत ते होते. नऊही चित्रांत बैलाचे शिंग लखलखीत होते, बेगडाची सुरकुतीन्‌सुरकुती मोजता येत होती, आणि कासरा धरून मागे उभा असलेला माणूस हा पांढऱ्या-तपकिरी रंगाचा एक डाग होता. लांब पल्ल्याचे भिंग पूर्ण उघडून वापरले की स्पष्टतेची पट्टी वीतभर उरते, पुढचे-मागचे सारे विरघळते. आम्हांला तेव्हा तेच सुंदर वाटले होते. स्टुडिओत विचारले, तर तो म्हणाला, चेहरा कुठून आणू?

त्यातल्या त्यात बरी एक प्रत छापून आम्ही नेऊन दिली. बाईंनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. “तोंड नाई दिसत,” त्या म्हणाल्या, “पन उभं राहनं त्याहिचंच हाय.” मग ती प्रत त्यांनी पदराने पुसली आणि पेटीत ठेवली.

त्या डागाची जबाबदारी भिंगावर टाकता येत नाही. आम्ही आदल्या रात्री बॅग भरताना अंतर निवडले होते. तीन हातांवर उभे राहून काम करणारे साधे भिंग बॅगेत असते, तर आम्हांला जवळ जावे लागले असते, राम राम करावा लागला असता, नाव विचारावे लागले असते. चेहरा आला असता.

वाशीम जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा आहे. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा आणि वाशीम हे ते सहा. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत या भागात मोठमोठ्या बॅगा घेऊन माणसे आली. त्यांचे काम आवश्यक होते, आणि त्यांच्या छायाचित्रांनी प्रश्न शहरांपर्यंत पोहोचवला, हे नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण त्या चित्रांत विधवेच्या मांडीवर धरलेले आणखी एक छायाचित्र वारंवार दिसते, गेलेल्या माणसाचे. ते तिच्याकडचे बहुधा एकमेव असते. चित्रातल्या चित्राकडे आपण अलंकार म्हणून पाहतो. ते तिच्याकडे एकच का, हा प्रश्न विचारायला हवा.

मग बॅग कशी भरावी? आमचा अनुभव सांगतो. पटेल तेवढा घ्यावा.

भिंग एकच, मध्यम पल्ल्याचे, माणसाच्या नजरेशी जुळणारे. दुसरे घेतले की भिंग बदलावे लागते, आणि या मुलखात भिंग बदलणे म्हणजे धुळीला आमंत्रण. आश्विनात सोयाबीनची मळणी सुरू झाली की यंत्रातून उडालेले कुटार मैलभर तरंगत असते, आणि ते एकदा कॅमेऱ्याच्या पोटात गेले की प्रत्येक चित्राच्या आभाळावर ठिपके उमटतात. काळी माती वाळली की पिठासारखी होते. म्हणून बॅगेला जाडसर सुती कापडाची वेगळी खोळ असावी आणि गावात शिरताना ती काढून झटकावी. पावसाळ्यात उलट संकट. भिंगावर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि घरी आल्यावर बॅग उघडी टाकून हवेशीर करावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा बॅग एसटीच्या टपावर किंवा बंद गाडीत ठेवू नये. एसटीत बॅग मांडीवर येते, शेजारी विचारतो, “यात काय हाय?”, आणि संभाषण सुरू होते. बॅग लहान असली तरच ती मांडीवर मावते. हा लहान बॅगेचा सर्वांत मोठा फायदा.

बॅगेचा पट्टा चामड्याचा नसावा. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला जाल तर जैन मंदिरात चामडे नेता येत नाही, आणि बॅग बाहेर कुणाच्या भरवशावर ठेवायची हा पेच पडतो. तिथे कॅमेरा काढण्याआधी विचारणे भाग आहे, आणि ते केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. या मूर्तीच्या स्वरूपावरून दिगंबर आणि श्वेतांबर पंथांत जुना वाद आहे. तो पूर्वी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता, आणि १९८१ पासून बंद असलेले दर्शन २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर खुले झाले. जिथे मूर्ती कशी दिसते हाच वादाचा विषय, तिथे छायाचित्र निरागस असू शकत नाही. कारंजाची गोष्टही अशीच. तिथल्या जैन ग्रंथभांडारांतल्या पोथ्यांवरून हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. पोथीवर झगझगीत प्रकाश टाकू नये, म्हणून फ्लॅश घरीच ठेवावा. वही आणि पेन्सिल मात्र न्यावी. पोथीपुढे बसून हाताने उतरवून घेण्यात जो वेळ जातो, त्या वेळात वाचन होते.

आणि पोहरादेवी. मानोरा तालुक्यातले हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला लोक दूरदूरच्या राज्यांतून येतात. आरशांची, कवड्यांची, भरतकामाची वस्त्रे पाहून कॅमेऱ्याची हौस अनावर होते, आणि लांब भिंगे सर्वाधिक दिसतात ती इथेच. इथे आम्हांला एक गोष्ट नेहमी आठवते. ओझे भरणे आणि वाहणे हीच या समाजाची विद्या होती. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ देशभर पोहोचवत. गोणीही दुहेरी, बैलाच्या दोन्ही अंगांना समतोल. रस्ते आणि रेल्वे आल्यावर तो व्यापार बुडाला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या सावटाखाली या समाजातील अनेक गटांना शिक्का मारून नोंदले गेले. ज्यांच्या पूर्वजांची नोंद संशयित म्हणून झाली, त्यांच्याकडे दुरून, न सांगता रोखलेले भिंग त्यांना कसे वाटत असेल? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. समाजाने स्वतःची चित्रे स्वतः मांडणे याला निराळे मोल आहे.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला: लांब भिंग नेहमीच वाईट का? नाही. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट पाहायचे तर दूर राहणे हीच सभ्यता आहे. अन्यायाचा पुरावा गोळा करणाऱ्या वार्ताहरालाही कधी अंतर लागते. पण काळविटाशी बोलता येत नाही आणि माणसाशी येते, एवढा फरक आमच्या विद्यार्थ्याने मानावा.

दुसरा: आता सर्वांच्या हाती मोबाइल आहे, चित्रे जागच्या जागी पाठवता येतात, मग बॅगेची आणि छापील प्रतींची चर्चा कालबाह्य नव्हे का? पाठवता येतात, आणि पाठवावीतही. पण मोबाइल बदलतो, बिघडतो, साठवण भरली म्हणून चित्रे पुसली जातात. आमची तर हार्ड डिस्क गेली होती. पेटीतला कागद टिकतो. शिवाय म्हाताऱ्या माणसांच्या हाती मोबाइल असतोच असे नाही, तो नातवाच्या हाती असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: प्रती वाटणे म्हणजे गाणे मिळवण्यासाठी दिलेली लाच ठरत नाही का? ठरू शकते. म्हणून आम्ही गाणे ऐकण्याआधी काही देत नाही. जे द्यायचे ते पुढच्या खेपेला, म्हणजे पुन्हा जाणे आपोआप बंधनकारक होते. काहींना चित्र नकोच असते, तेही मान्य करावे. एकदा एका आजींनी प्रत परत केली. त्यांच्या शेजारी उभी असलेली सून आता त्या घरात नव्हती. देण्याने सगळे सुरळीत होते असा आमचा दावा नाही.

परत देण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. गी पॉयतवँ आणि हेमा राइरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्या गाणारीच्या आणि तिच्या गावाच्या नावासह नोंदल्या गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ने त्या प्रसिद्ध करताना कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत, त्या बायांकडे गेले. ‘लोक’ या निनावी शब्दाखाली गाडली जाणारी बाई तिथे नावानिशी उभी राहते. आपल्या विभागांतल्या प्रबंधांच्या परिशिष्टांत मात्र ‘ओवी गाताना एक वृद्ध स्त्री’ अशी ओळ अजून सर्रास दिसते. ती कझिन्सच्या काळची मोजपट्टीच आहे, फक्त रंगीत छापलेली.

म्हणून मार्गदर्शकांना आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्याला क्षेत्रभेटीला पाठवण्यापूर्वी त्याची प्रश्नावली तपासता तशी त्याची बॅगही उघडून पाहा. आत भिंगे किती आहेत ते विचारा. नाव, गाव आणि चित्राचा क्रमांक लिहायची वही आहे का ते पाहा. आणि प्रबंध स्वीकारताना एक प्रश्न जोडा: छायाचित्रांच्या प्रती पोहोचवल्या का? यासाठी नियम बदलावे लागत नाहीत, अनुदान लागत नाही. एक प्रत छापायला चहाच्या दोन कपांएवढा खर्च येतो.

आमचा वाद संपला आहे. लांब पल्ल्याचे भिंग कपाटात असते. त्याच्या जागी बॅगेत एक जाड पुठ्ठ्याचे पाकीट जाते, मागच्या खेपेच्या प्रतींचे, प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने नाव लिहिलेले. उद्या सकाळी अकोल्याहून वाशीमची गाडी आहे. पाकिटात सव्वीस प्रती आहेत. त्यांतल्या दोन माणसांकडे पोहोचायला उशीर झाला आहे, हे आम्हांला फोनवर कळले. त्या प्रती आम्ही तरीही घेतल्या आहेत.